रंग उडाला, पण पाणी निवळले का?

कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे रंगीत सांडपाणी नुसत्या उन्हाच्या साहाय्याने स्वच्छ करता येईल आणि त्यासाठी धातूचा अंश मिसळलेले नॅनोपदार्थ उपयोगी पडतील, अशा बातम्या अलीकडे वारंवार वाचनात येतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव आणि व्यवसाय दिला आहे.

प्रश्न : टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर रंगाचे पाणी स्वच्छ होते, असे विज्ञान प्रदर्शनात एका विद्यार्थ्याने सांगितले. तसे असेल, तर त्या पुडीत लोह, तांबे किंवा चांदी घालण्याचा खटाटोप कशासाठी? आणि घालायची म्हणजे धातूची पूड त्यात ढवळायची का?
– माध्यमिक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : विद्यार्थ्याने सांगितले ते खरे आहे, मात्र सूर्यप्रकाशाच्या फार लहान हिश्शापुरतेच खरे आहे. टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्याचे इलेक्ट्रॉन एका भरलेल्या ऊर्जापट्ट्यात असतात आणि त्याच्या वर, मध्ये एक अंतर सोडून, दुसरा रिकामा पट्टा असतो. या अंतराला ‘बँड गॅप’ म्हणतात. ॲनाटेज या स्फटिकरूपात ते सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, तर रुटाइल या रूपात ३.०. इतकी किंवा याहून अधिक ऊर्जा असलेला प्रकाशकण शोषला गेला, तर एक इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली त्याची रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, उरते. हे होल इलेक्ट्रॉन ओढून घेण्यास अतिशय आसुसलेले असते. ते कणाच्या पृष्ठभागावरील पाण्यापासून हायड्रॉक्सिल मुक्तमूलक (अतिशय क्रियाशील असा रेणूचा तुकडा) तयार करते, किंवा तिथे चिकटलेल्या रंगाच्या रेणूवर थेट हल्ला चढवते. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि सुपरऑक्साइड बनते. रंगाचे रेणू तोडण्याचे काम ही मंडळी करतात. टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः खर्ची पडत नाही, म्हणूनच त्याला उत्प्रेरक म्हणायचे.

अडचण प्रकाशाच्या हिशेबात आहे. १२४० या संख्येला इलेक्ट्रॉन-व्होल्टमधील ऊर्जेने भागले की नॅनोमीटरमध्ये तरंगलांबी मिळते, ३.२ ने भागल्यास उत्तर सुमारे ३८७ येते. दृश्य प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटरपासून पुढे सुरू होतो. म्हणजे शुद्ध ॲनाटेजला फक्त अतिनील किरणांचा उपयोग होतो, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत अतिनील भाग चार-पाच टक्क्यांच्या आसपासच असतो. चाळीस टक्क्यांहून अधिक असलेला दृश्य प्रकाश त्या पांढऱ्या पुडीवरून परतून जातो; पूड पांढरी दिसते ती त्यामुळेच. झिंक ऑक्साइडची गतही हीच आहे. जपानमधील अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड वापरून प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन दाखवले ते १९७२ मध्ये. तेव्हापासून या पदार्थाला दृश्य प्रकाश ‘दिसावा’ यासाठी जगभर धडपड चालू आहे आणि धातू मिसळणे हा त्या धडपडीचा सर्वांत रुळलेला मार्ग आहे.

आता मिसळण्याविषयी. धातूची पूड ढवळून काहीही साधत नाही. सामान्य प्रयोगशाळेत टायटॅनियमचे आयसोप्रोपॉक्साइड अल्कोहोलमध्ये घेतात, त्यात फेरिक नायट्रेटसारखा क्षार अगदी थोडा विरघळवतात आणि थेंबाथेंबाने पाणी सोडून त्याचे जेल बनवतात. हे जेल वाळवून, खलून, ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला काही तास भाजले, की स्फटिक तयार होतात आणि त्यांच्या जाळीत काही टायटॅनियम आयनांच्या जागी लोहाचे आयन बसलेले असतात. दोघांच्या आयनांचे आकार जवळपास सारखे असल्यामुळे हे शक्य होते. मुशीतून निघालेली पूड पांढरी नसते. लोहाच्या प्रमाणानुसार ती फिकट पिवळसर ते विटकरी दिसते. तिने निळा-जांभळा प्रकाश शोषण्यास सुरुवात केली आहे, याची ती पहिली खूण.

जाळीत बसलेला धातूचा आयन बँड गॅपच्या मध्ये स्वतःची एक ऊर्जापातळी निर्माण करतो. उंच ओट्यावर चढायला मध्ये पायरी बसवावी, तसा हा प्रकार आहे: कमी ऊर्जेच्या प्रकाशकणालाही इलेक्ट्रॉन वर पोहोचवता येतो. परंतु जी पायरी चढायला सोयीची, तीच उतरायलाही सोयीची असते. वर गेलेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच त्या पातळीवर घसरून होलला मिळतो, दोघेही नाहीसे होतात आणि प्रकाशाची ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. धातूमिश्रणाचे सगळे यशापयश या दोन गोष्टींच्या ओढाताणीत आहे. म्हणून प्रमाण नेहमी अल्प ठेवतात, बहुधा एक टक्क्याच्या आतबाहेर. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये चोई, टर्मिन आणि हॉफमन यांनी १९९४ मध्ये २१ धातूंचे आयन टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये घालून तुलना केली. लोह, मॉलिब्डेनम, रुथेनियम, ऑस्मियम, ऱ्हेनियम, व्हॅनेडियम आणि ऱ्होडियम यांनी ०.१ ते ०.५ टक्के या प्रमाणात काम सुधारले, तर कोबाल्ट आणि ॲल्युमिनियमने उलट घटवले. ती मोजमापे अतिनील प्रकाशातली होती, ही गोष्ट त्यांचा दाखला देताना पुष्कळदा विसरली जाते.

चांदीचे गणित निराळे आहे. तिचा आयन आकाराने मोठा असल्याने तो जाळीत सहसा बसत नाही; चांदीचे सूक्ष्म कण टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर बसतात. तिथे ते वर गेलेले इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचून होलपासून दूर ठेवतात, शिवाय ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश स्वतः शोषतात. शोधनिबंधांच्या शीर्षकात दोन्ही प्रकारांना सरसकट ‘डोप्ड’ (म्हणजे धातू मिसळलेले) म्हटलेले आढळते, पण आत बसलेला धातू आणि वर बसलेला धातू यांचे काम वेगळे आहे.

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ०.५ टक्के लोह घातलेला टायटॅनियम डायऑक्साइड बनवला. मेथिलीन ब्लूच्या १० मिलिग्रॅम प्रतिलिटर द्रावणात तो घालून पांढऱ्या एलईडी दिव्याखाली ठेवल्यावर दोन तासांत निळा रंग जवळजवळ गेला. तोंडी परीक्षेत ‘हे तुमच्या पदार्थानेच केले कशावरून?’ असे विचारल्यास काय उत्तर द्यावे?
– विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : परीक्षकांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. या क्षेत्रात रोज प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांपैकी पुष्कळांना तो विचारला गेलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. निळा रंग दिसेनासा होण्याची निदान चार कारणे अशी आहेत, की ज्यांत आपण घातलेल्या लोहाचा दृश्य प्रकाशातील कामगिरीशी काही संबंध नसतो.

पहिले कारण म्हणजे रंग पुडीला नुसता चिकटणे. पीएच सहा-साडेसहाच्या वर गेला की टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार येतो. मेथिलीन ब्लू धनप्रभारित असल्यामुळे तो तिथे ओढला जातो. यासाठीच दिवा लावण्यापूर्वी मिश्रण अंधारात अर्धा ते एक तास ढवळून मग सुरुवातीचे मोजमाप घ्यायचे असते. याची एक साधी पारख आहे. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून झाला की वरच्या स्वच्छ पाण्याकडे पाहण्याआधी नळीच्या तळाशी बसलेल्या पुडीकडे पाहावे. पूड निळी झाली असेल, तर रंग मोडलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. तळाची पूड थोड्या अल्कोहोलने धुऊन पाहिली, तर तो रंग बहुधा पुन्हा द्रावणात उतरतो.

दुसरे कारण असे, की काही रंग प्रकाशाने आपोआपही फिके पडतात. त्यासाठी पूड न घालता, त्याच दिव्याखाली, तितकाच वेळ ठेवलेला नमुना हवा. तिसरे कारण फसवे आहे. मेथिलीन ब्लू ६६४ नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश जोरात शोषतो. प्रकाशाने उत्तेजित झालेला रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडच्या रिकाम्या पट्ट्यात सोडून देतो आणि स्वतः अस्थिर होऊन मोडतो. येथे प्रकाश शोषला तो रंगाने. पुडीने केवळ इलेक्ट्रॉन स्वीकारला. लोह नसलेली साधी पांढरी पूडही हे काम करते. तेव्हा आपल्याच पद्धतीने बनवलेला, पण लोह न घातलेला नमुना आणि शक्य असल्यास बाजारात मिळणारी ‘पी-२५’ ही प्रमाण पूड या दोन्ही त्याच परिस्थितीत वापरून तुलना केल्याशिवाय लोहाला श्रेय देता येणार नाही.

चौथे कारण रसायनाच्या विद्यार्थ्याला आवडेल असे आहे. मेथिलीन ब्लूला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की तो ‘ल्यूको’ या रंगहीन रूपात जातो. रेणूचा सांगाडा जसाच्या तसा असतो, केवळ रंग लपलेला असतो. ऑक्सिजन कमी असलेल्या बंद भांड्यात हे घडू शकते. रंगहीन झालेला नमुना उघड्या हवेत चांगला हलवावा आणि थोडा वेळ वाट पाहावी. निळी छटा परतली, तर समजून जावे.

याखेरीज, शोषणाचा वर्णपट केवळ एका तरंगलांबीला न मोजता पूर्ण घ्यावा. मेथिलीन ब्लूवरील मिथिल गट एकेक करून सुटू लागले, की शिखर ६६४ वरून कमी तरंगलांबीकडे सरकते. ऱ्होडामिन बी या गुलाबी रंगाच्या बाबतीत ते ५५४ वरून ४९८ पर्यंत येते. अशा वेळी ५५४ ला घेतलेले वाचन झपाट्याने उतरते आणि निबंधात ‘९५ टक्के विघटन’ असे छापले जाते, वस्तुतः रेणूच्या फांद्या छाटलेल्या असतात आणि खोड उभे असते. खोड पडले की नाही हे पाहायचे, तर द्रावणातील एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा लागतो. ते यंत्र आपल्या विभागात नसल्यास सीओडीची (पाण्यातील पदार्थांचे रासायनिक ज्वलन करायला किती ऑक्सिजन लागतो याची) चाचणी तरी करावी. रंग नव्वद टक्के उतरला आणि कार्बन तीस टक्केच उतरला, असा निकाल आला तर तो लपवण्याचे कारण नाही. तोच खरा निकाल आहे.

सगळ्यांत निर्णायक पुरावा हवा असेल, तर रंग बाजूला ठेवून फिनॉल किंवा सॅलिसिलिक आम्ल घ्यावे. ती दृश्य प्रकाश शोषत नाहीत, त्यामुळे वरचा तिसऱ्या क्रमांकाचा आक्षेप बहुतांशी निकालात निघतो. मात्र सॅलिसिलिक आम्लाचा पृष्ठभागावरील टायटॅनियमशी संयोग होऊन फिकट पिवळी छटा येऊ शकते, म्हणून फिनॉलला प्राधान्य द्यावे. दिव्याबद्दलही एक सूचना आहे. पांढऱ्या एलईडीत अतिनील भाग नगण्य असतो, ही आपली जमेची बाजू. झेनॉन दिवा वापरणाऱ्यांनी ४२० नॅनोमीटरखालील प्रकाश अडवणारा फिल्टर लावल्याशिवाय ‘दृश्य प्रकाश’ हा शब्द वापरू नये. आपल्या अहवालात ‘बँड गॅप ३.२ वरून २.८ झाला’ असे वाक्य येणार असेल, तर तेही तपासून घ्यावे. अर्ध्या-एक टक्का लोहाने मूळ पट्टे क्वचितच सरकतात. लोहाच्या पातळ्यांमुळे शोषणाच्या आलेखाला शेपूट फुटते आणि त्या शेपटीवर सरळ रेषा टेकवली की २.८ हा आकडा हाती येतो. प्रकाश शोषला जाणे आणि त्या प्रकाशाने काम होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

शेवटी, गाळलेल्या द्रावणात लोह उतरले आहे का तेही पाहावे. विरघळलेले लोह प्रकाशात स्वतःच हायड्रॉक्सिल मुक्तमूलक निर्माण करू शकते. तसे झाले असेल तर उत्प्रेरक आपली पूड नसून तिच्यातून निसटलेले लोह आहे.

प्रश्न : आमचे छोटे प्रोसेस हाऊस आहे. दिवसाला साधारण एक लाख लिटर सांडपाणी निघते. सध्या चुना, फेरस सल्फेट आणि पॉली (गाळ गोळा करणारे रसायन) टाकून रंग खाली बसवतो, त्याचा गाळ फार होतो. ही नॅनो पूड ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) टाकीत टाकून टाकी उन्हात उघडी ठेवली तर चालेल का? एका विक्रेत्याने तसे सुचवले आहे.
– प्रोसेसर, इचलकरंजी

उत्तर : आपण सांगता तशी टाकीत पूड टाकून उपयोग होणार नाही, आणि विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी पुढील हिशेब त्याच्यासमोर मांडावा, अशी माझी विनंती आहे.

प्रथम प्रकाश किती खोल जातो ते पाहू. प्रयोगशाळेत वापरतात तेवढ्याच, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, मेथिलीन ब्लूच्या द्रावणाचा एक सेंटिमीटर जाडीचा थर ६६४ नॅनोमीटरचा एक टक्काही प्रकाश पलीकडे जाऊ देत नाही. जिगरमधून (कापड रंगवण्याच्या यंत्रातून) सुटणारे रंगाचे पहिले पाणी याच्या कितीतरी पट गडद असते आणि त्यात अनेक रंग एकत्र असल्यामुळे दृश्य प्रकाशाचा कोणताच पट्टा मोकळा राहत नाही. दोन-तीन मीटर खोल टाकीत वरच्या सेंटिमीटरभर थरातील पूड उजेडात राहील आणि बाकीची अंधारात गाळ बनून बसेल. म्हणजे ज्या पाण्यात रंग अधिक, तिथे ही पद्धत सर्वांत दुबळी ठरते.

समजा पाणी आधी बरेच निवळून घेतले आणि उथळ, रुंद तळ्यांत पसरले. तरी जागा किती लागेल? दुपारच्या लख्ख उन्हात दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल दृश्य प्रकाशकण पडतात. त्यांतील शंभरात एक कण उपयोगी काम करतो असे धरू. धातूमिश्रित पुडी दृश्य प्रकाशाचा निळ्याकडील भागच मुख्यतः शोषतात हे पाहता हा अंदाज उदारच आहे. सीओडीच्या भाषेत ३२ ग्रॅम ऑक्सिजनसाठी चार मोल इलेक्ट्रॉन लागतात. त्यानुसार एका चौरस मीटरवर तासाला जेमतेम ०.६ ग्रॅम सीओडी कमी होईल, आणि दुपारसारखेच ऊन सहा तास मिळाले असे मानले तरी दिवसाला साडेतीन ग्रॅम. आपल्या एक लाख लिटर पाण्याचा सीओडी लिटरमागे २५० मिलिग्रॅमने उतरवायचा, तर रोज २५ किलो सीओडी नाहीसा करावा लागेल. भागाकार केल्यास सुमारे सात हजार चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन एकर उथळ तळे लागते. हा हिशेब ढोबळ आहे, पण एखाद्या गुंठ्यात काम होईल अशी आशा त्यातून निघत नाही. जून ते सप्टेंबर काय करायचे हा प्रश्न मी यात धरलेलाच नाही.

तिसरी अडचण आपल्या पाण्यातील मिठाची. रिॲक्टिव्ह रंगांसाठी लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट आणि वर सोडा ॲश वापरली जाते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. धुण्याच्या पाण्याने ते सौम्य होते, तरी क्लोराइड आणि कार्बोनेट हायड्रॉक्सिल मुक्तमूलकांना रंगापर्यंत पोहोचण्याआधीच गिळून टाकतात. स्टार्च आणि पीव्हीए ही खळीची द्रव्ये आणि रंग पाण्यात पसरवणारे डिस्पर्सिंग एजंट हीसुद्धा त्याच मूलकांवर हक्क सांगतात. ऊर्ध्वपातित पाण्यात एकच शुद्ध रंग विरघळवून मिळवलेला ‘९८ टक्के’ हा आकडा आपल्या टाकीला लागू होत नाही, तो यामुळे.

पूड परत मिळवण्याचा प्रश्न राहिलाच. वीस-पंचवीस नॅनोमीटरचे कण आपोआप तळाला बसत नाहीत आणि गाळणीतून सहज निसटतात. त्यांना बसवण्यासाठी तुरटी किंवा पॉली टाकली, तर आपण ज्या गाळाची तक्रार करत आहात, त्यातच ही महाग पूड जाऊन मिळेल. काच, सिरॅमिक किंवा जाळीवर पुडीचा लेप देऊन हा प्रश्न सुटतो, पण पाण्याला भिडणारे क्षेत्रफळ घटते आणि वेगही घटतो. फेराइटसारख्या (लोहयुक्त ऑक्साइडच्या) चुंबकीय गाभ्यावर लेप देऊन चुंबकाने कण ओढून घेण्याची कल्पना चांगली आहे. माझ्या मते या साऱ्या संशोधनातील कारखान्याच्या सर्वांत जवळ जाणारी कल्पना तीच आहे.

मग हे सारे निरर्थक आहे का? तसे मी म्हणणार नाही. जैविक प्रक्रियेनंतर उरणारा फिकट, हट्टी रंग आणि जिवाणूंना न पचणारे थोडे सेंद्रिय पदार्थ यांच्यासाठी, अखेरच्या टप्प्यावर, कमी भाराच्या पाण्यावर ही पद्धत शोभते. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात अन्वस्त आरशांच्या नळ्यांतून पाणी फिरवून असे प्रयोग दीर्घकाळ झालेले आहेत. परंतु त्या टप्प्यावरही ओझोन आणि फेंटन (लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणारी) या पद्धती तिच्याशी स्पर्धा करतात आणि कारखान्याच्या दृष्टीने त्या आज अधिक भरवशाच्या आहेत. शिवाय एक गोष्ट कोणत्याही प्रकाश-उत्प्रेरकाला साधत नाही: पाण्यातील मीठ काढणे. तमिळनाडूत नोय्यल नदीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला; तेथील केंद्रांना आरओ आणि बाष्पीभवनाची वाट धरावी लागली, ती विरघळलेल्या क्षारांमुळे. रंग मोडण्याच्या पद्धतीने तो प्रश्न सुटला नसता.

विक्रेत्याकडे एवढेच मागावे: आपल्याच टाकीतील वीस लिटर पाणी न्यावे, आपल्यासमोर उन्हात ठेवावे, आणि आधीचा व नंतरचा सीओडी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून मोजून द्यावा. बाटलीत उतरलेला रंग दाखवणे पुरेसे नाही.

प्रश्न : आम्ही पंचगंगेच्या काठचे. रंगाच्या पाण्याचा त्रास आहेच, पण आता त्यात तांबे, चांदी, कोबाल्ट असले धातू घालून पाणी शुद्ध करणार असे वाचले. एक घाण काढायला दुसरी घालायची, असे तर होणार नाही ना?
– शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : आपली शंका रास्त आहे. स्फटिकाच्या जाळीत घट्ट बसलेला धातू सहजासहजी सुटत नाही, पण पृष्ठभागावर बसलेला धातू सुटतो, आणि मूळ पदार्थच कच्चा असेल तर अधिक सुटतो. टायटॅनियम डायऑक्साइड आम्लात आणि अल्कलीत चांगला टिकतो. झिंक ऑक्साइड मात्र दोन्हींत विरघळतो. त्यातच प्रकाशाने त्याची स्वतःची झीजही होते, आणि विरघळताना त्याच्यातील धातू पाण्यात येणारच. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाशात उत्तम काम करतो आणि म्हणून निबंधांत वारंवार दिसतो. पण पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात कॅडमियमची मर्यादा लिटरला केवळ ०.००३ मिलिग्रॅम आहे. जो पदार्थ प्रकाशातच झिजतो आणि ज्याची झीज इतकी विषारी आहे, तो नदीला मिळणाऱ्या पाण्यात वापरण्याची कल्पना मला तरी मान्य नाही. त्यामानाने लोह हा सर्वांत निरुपद्रवी पर्याय आहे आणि स्वस्तही आहे. तांबे आणि चांदी माणसाला अल्प प्रमाणात फारशी बाधत नसली, तरी शेवाळ, मासे आणि मातीतील जिवाणू यांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक ठरू शकतात.

याहून महत्त्वाचा धोका अर्धवट विघटनाचा आहे. कापडाचे पुष्कळ रंग ॲझो वर्गातील असतात. त्यांच्या मध्यभागी दोन नायट्रोजन अणूंचा दुवा असतो आणि रंग त्या दुव्यामुळे दिसतो. दुवा तुटला की रंग जातो, पण दोन्ही बाजूंचे तुकडे उरतात. ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ गाळात, त्या तुकड्यांचे ॲरोमॅटिक अमाइन बनतात, आणि त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. भारताने १९९० च्या दशकात बेंझिडीनवर आधारलेल्या आणि इतर काही ॲझो रंगांवर बंदी घातली, ती अशा अमाइनच्या धोक्यामुळे. प्रकाश-उत्प्रेरक पुरेसा वेळ चालला तर या तुकड्यांचाही कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रेटपर्यंत निकाल लावतो, हा त्याचा खरा गुण आहे. मध्येच थांबवला, तर रंगहीन पण निर्धोक नसलेले पाणी हाती येते. तळोज्याजवळ कासाडी नदीच्या परिसरात ऑगस्ट २०१७ मध्ये कारखान्याच्या रंगामुळे निळे पडलेले कुत्रे दिसले, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. तेच पाणी रंगहीन असते, तर छायाचित्र निघाले नसते.

आपल्या तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न आधीच गंभीर आहे. त्याचे मुख्य कारण अतिसिंचन आणि निचऱ्याचा अभाव हे असले, तरी रंगाईच्या मिठाने त्यात भरच पडते, आणि वर इचलकरंजीच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे ते मीठ कोणत्याही उत्प्रेरकाने जात नाही. तेव्हा जनसुनावणीत किंवा ग्रामसभेत प्रश्न विचारण्याची संधी मिळाल्यास रंगाबरोबरच सीओडी, एकूण विरघळलेले क्षार आणि वापरलेल्या धातूचे बाहेर पडणाऱ्या पाण्यातील प्रमाण, हे तीन आकडे लेखी मागावेत.

प्रश्न : मग हे तंत्र जगात कुठे प्रत्यक्ष वापरात आहे का, की सारे प्रयोगशाळेतच आहे?
– वास्तुविशारद, पुणे

उत्तर : आहे, आणि आपल्याच क्षेत्रात आहे. जपानमध्ये इमारतींच्या बाहेरील फरश्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप कित्येक वर्षे दिला जातो. स्वतः स्वच्छ राहणारी खिडकीची काच युरोपात २००१ च्या सुमारास बाजारात आली. रोममधील २००३ मध्ये पूर्ण झालेल्या, रिचर्ड मायर यांनी रचलेल्या चर्चच्या पांढऱ्या सिमेंटमध्येही तो आहे. या ठिकाणी भार अत्यल्प असतो, पुरेसे ऊन असते, पूड परत मिळवायची नसते आणि मळ धुऊन नेण्याचे काम पाऊस करतो. मात्र हे सारे पांढरे, अतिनील किरणांवर चालणारे लेप आहेत. भारतात तो वापरताना एवढे ध्यानात घ्यावे, की पावसाळा संपल्यावर सात-आठ महिने धुणारे पाणी नसते आणि आपल्याकडची बरीचशी धूळ मातीची, म्हणजे खनिज असते. ती या लेपाने मोडत नाही.

धातू मिसळलेल्या, दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या प्रकाराला घराच्या आत जागा मिळाली आहे, कारण खिडकीची काच बराचसा अतिनील भाग अडवते आणि घरातील दिव्यांत तो जवळजवळ नसतोच. तांब्याच्या अतिसूक्ष्म समूहांनी पृष्ठभाग सजवलेला टायटॅनियम डायऑक्साइड जपानमध्ये अंतर्गत भिंतींसाठी जंतुरोधक लेप म्हणून विकसित झाला. त्यात तांबे जाळीत न घालता केवळ पृष्ठभागावर ठेवतात, त्यामुळे आतल्या आत इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना मिळून वाया जाण्याचा धोका कमी होतो. रुग्णालयाच्या प्रकल्पासाठी आपण असा लेप विचारात घेत असाल, तर पुरवठादाराकडून चाचणीचा अहवाल मागताना चाचणी कोणत्या दिव्याखाली आणि किती लक्स उजेडात झाली हे पाहावे. खोलीत साधारण काहीशे लक्स उजेड असतो आणि अहवाल काही हजार लक्सचा असेल, तर तो आपल्या भिंतीविषयी काही सांगत नाही.